न हलणारं पाणी

"मॅडम, पंधरा वर्षांनंतर हा माणूस स्वतः आहे कुठे, ते दाखवा मला."

प्लांट हेड साहेबांनी बजरंगची शीट माझ्यापुढे टाकली. साताऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा पल्प होतो आणि मी तिथली एचआर मॅनेजर. त्या वर्षी हेड ऑफिसला व्हिजनचं खूळ लागलं होतं. प्रत्येकाने पंधरा वर्षांनंतरचा आपला कामाचा एक दिवस लिहायचा, डोळे मिटल्यावर दिसेल तसा. बॉयलर सुपरवायझरच्या जागेसाठीही हीच शीट बघणार होते. बाकीच्यांनी केबिन लिहिली, गाडी लिहिली, एकाने तर सांगलीत विश्रामबागेत फ्लॅट घेऊन टाकला होता. बजरंगने हे लिहिलं होतं :

'मी बॉयलर हाउसमध्ये येतो. माझ्या खुर्चीत दुसरा माणूस बसलाय. त्याच्या चहावर साय धरलीय. मी म्हणतो, काचेतलं पाणी हलत नाही. त्याला ऐकू जात नाही. तो पाणी सोडायला उठतो. मी नको म्हणून ओरडतो. त्याला ऐकू जात नाही. मी आडवा उभा राहतो. तो माझ्यातून चालत जातो.'

"भुताची गोष्ट लिहिलीय," साहेब म्हणाले. "व्हिजन नाही, असा शेरा मारा."

"एकदा विचारते त्याला," मी म्हटलं.

बजरंग बाहेर बाकावर बसला होता. इंटरव्ह्यूसाठी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बारा वर्षं तो आमचा बॉयलर चालवत होता. बायकामुलं गावी, कुंडलला, आणि हा इथे खोली घेऊन एकटा. सुपरवायझर झाला तर कंपनीचं क्वार्टर मिळणार होतं आणि घरची माणसं एकदाची जवळ येणार होती. हे मला माहीत होतं, म्हणून त्याचा रागही येत होता.

"बजरंग, हे काय लिहिलंय?"

"आवं मॅडम, तुमीच म्हनला न्हवं, दिसंल तसं लिवा. डोळं मिटलं की ह्येच दिसतंय."

"पाणी हलत नाही म्हणजे काय?"

त्याने समजावून सांगितलं. बॉयलरच्या आत किती पाणी आहे ते बाहेर एका काचेच्या नळीत दिसतं. बॉयलर चालू असला की त्या काचेतलं पाणी सारखं थरथरतं. "थरथर थांबली की समजायचं, नळीची वाट चोंदलीया. आत पानी न्हाई आन काच आपली अर्धी दावतीया. लय खोटारडी असती ती."

"मग पाणी का सोडायचं नाही?"

"आत नळ्या लाल झालेल्या असत्यात. त्येच्यावर गार पानी गेलं तर बॉयलर फुटतोय. आदी जाळ बंद करायचा. पंपाला हात लावायचा न्हाई."

"आणि खुर्चीतला माणूस कोण?"

"त्येचं तोंड दिसत न्हाई. पाठमोरा असतोय."

"आत्ता बॉयलरवर कोण आहे?"

"कंत्राटदाराचा मानूस. मी हितं आलो म्हनून बसवलाय."

तेवढ्यात साहेबांनी त्याला आत बोलावलं. मी आत जायला हवं होतं. त्याऐवजी मी आवार ओलांडून बॉयलर हाउसकडे चालू लागले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आत जाळाला वारा देणाऱ्या पंख्याचा कान बधिर करणारा घुमारा होता. खुर्चीतला माणूस माझ्याकडे पाठ करून रजिस्टर भरत होता. शेजारी चहाचा कप आणि त्यावर साय. मला स्वतःचंच हसू आलं, चहावर साय कुठेही धरते. मग मी काचेकडे बघितलं. पाणी बरोबर अर्ध्यावर होतं, पेनने रेघ मारल्यासारखं. मी बराच वेळ बघत राहिले. ते हललं नाही.

"काचेतलं पाणी हलत नाहीये," मी म्हटलं. त्याने मान वळवली नाही. मी ओरडले. तो रजिस्टरचं पान उलटत होता. मला घाम फुटला. आपण इथे आहोत ना, असं क्षणभर खरंच वाटलं आणि मी घाबरले.

मी पुढे होऊन त्याचा दंड धरला. तो केवढ्याने दचकला! मी काचेकडे बोट केलं. त्याने काचेखालचा कॉक उघडला, नळीतलं पाणी भसकन निघून गेलं. कॉक बंद केला तरी काच रिकामीच राहिली. त्याचा चेहरा पडला. तो पंपाच्या बटणाकडे धावला.

मी बटणावर पाठ टेकून उभी राहिले.

"बाजूला व्हा मॅडम! पानी संपलंय!"

"आधी जाळ बंद करा!"

"आवं, सरका!"

त्याने मला ढकललं, तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्याची कॉलर धरली गेली. बजरंग होता. खिडकीतून मला बॉयलर हाउसकडे जाताना बघून, साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्यात टाकून तो उठून पळत आला होता. त्याने पंखा बंद केला, भट्टीचं इंधन तोडलं आणि आम्हा दोघांना बाहेर काढलं. इस्त्रीचा शर्ट काळा झाला होता.

दोन दिवसांनी बॉयलर गार झाल्यावर उघडला. काचेची वाट गाळाने बंद होती, पाणी कमी झालं की वाजणारा अलार्मही त्याच गाळात अडकला होता. वरच्या नळ्या पाण्याबाहेर उघड्या पडून तापून निळ्या झाल्या होत्या. तपासायला आलेल्या माणसाने पंपाच्या बटणाकडे एकदा बघितलं आणि रिपोर्टात 'पंप चालवला नाही' याखाली रेघ मारली.

जागा बजरंगला मिळाली. क्वार्टरच्या कागदांवर सह्या घेताना मी त्याला विचारलंच, "पंधरा वर्षांनंतरचं लिहायला सांगितलं होतं. हे तर तीन दिवसांत घडलं."

"पंधरा वर्सं तुमी म्हनला मॅडम," तो सही करता करता म्हणाला. "मला साल कुटं दिसलं हुतं?"

शीट त्याने सोमवारीच दिली होती. गुरुवारच्या इंटरव्ह्यूपर्यंत ती माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती, आणि मी ती वाचली नव्हती. व्हिजनचा कार्यक्रम मी अजूनही घेते, हेड ऑफिसला हवा असतो. माणसाला पुढचं लिहायला लावलं, तर ते त्याच दिवशी वाचून काढावं, एवढं मी त्यातून शिकले.