फक्रूची नीळ अन् इंग्रजाचं राज्य

फक्रुद्दीन रंगरेजाचं चांगलं सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. पण सांगायला मीच पायजे. त्याच्यावर माझ्याइतका जळलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात न्हाय, अन् जळणाऱ्याचं ध्यान सारखं दुसऱ्याच्या दारात असतं. बायकोला इचारा की. बनाबाई म्हणती, "तुमी माझ्याकडं एवढं बघितलं असतं तर माझा संसार सोन्याचा झाला असता."

मी गुंडू रंगारी. पंचगंगेकडं उतरणारा आमचा बोळ, अन् त्यात माझं घर अन् फक्रूचं घर, मधी एकच भिंत. त्याचा आज्जा कोडोलीहून बैलगाडीत बसून आलता, मांडीवर निळीनं भरलेलं मडकं घेऊन. त्या मडक्यातली नीळ विरजणासारखी घालून त्यानं अंगणात रांजण लावलं. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं मोठं रांजण. नीळ म्हणजे जिवंत जिन्नस असतो बघा. तिला गूळ लागतो, टाकळ्याचं बी लागतं, चुना लागतो. उपाशी ठेवली तर मरती, जादा चारली तर नासती, अन् आंबट तर तिला इखच. फक्रूच्या तीन पिढ्यांनी ती जितीच ठेवलेली.

रोज सकाळी तोंड धुतलं की फक्रू रांजणापाशी उकिडवा बसायचा. बोट बुडवायचा, एक थेंब जिभेवर ठेवायचा, डोळं मिटायचा, मग थुंकायचा. त्या एका थेंबात त्याला सगळं कळायचं. चुना किती, गूळ किती, काल कुणी झाकण उघडं टाकलं काय. मी भिंतीवरनं वाकून हसायचो. "फक्रू, न्याहारी झाली काय रं?" तो बी हसायचा. चिडायचाच न्हाय मेला.

असलंच रांजण माझ्या बाच्या अंगणात व्हतं. जर्मन रंगाचे डबे आले तवा मी ते उपसून टाकलं अन् खड्डा बुजवून वर फरशी घातली. बा आठ दिवस माझ्याशी बोलला न्हाय. पण मी म्हणलं, डबा उघडायचा, पाण्यात टाकायचा, कापड बुडवायचं, झालं! घाटावर माझी कापडं वाळत पडली की येणारंजाणारं पावणं थांबून बघायचं. दसऱ्याला सरकारी पागेतल्या स्वारांचे निळे फेटे माझ्याकडंच यायचे, सलग दहा वर्षं. सीमोल्लंघनाला ते स्वार निघाले की मी गर्दीत उभा राहून शेजारच्याला कोपर मारायचो, "आमचा रंग हाय." फक्रूकडं कोण? उचगावच्या, बिद्रीच्या चार म्हाताऱ्या, त्यांना निळं लुगडं जुन्याच हातचं लागायचं.

मग इंग्रजाची जर्मनाशी लढाई लागली अन् डबे यायचे बंद झाले.

तवापासनं घाटावर एकच इषय. इंग्रज बुडणार का, अन् बुडला तर गादीवर कोण? हंबीरराव म्हणून एक पेन्शनीतले हवालदार रोज आंघोळीला यायचे. ते मिशीला पीळ देऊन म्हणायचे, "इंग्रजाचं राज्य हालत नसतंय." मी म्हणायचो, "जर्मनच येणार. ज्याला असला रंग करता येतो त्याला राज्य करता येणार न्हाय व्हय?" खरं सांगू, मला जर्मनाशी काय देणंघेणं? तो जिंकला की डबे येतील एवढंच माझं राजकारण. उचगावचा गाडीवान पिराजी मातूर तिसरंच सांगायचा. "बाजारात बघा की, विलायती आगपेट्या गेल्या. बांगड्या जपानी, आगपेटी जपानी. जपान्याचं राज्य येणार."

"अरं जपान तर इंग्रजाच्या बाजूनं लढतोय!" हंबीरराव खेकसायचे.

फक्रू कापड पिळत गप ऐकायचा. एकदा मी त्याला डिवचलं, "बोल की रं, कोण येणार?"

"कोण बी येऊ दे," तो म्हणला, "त्याला फेटा लागंलच की."

सगळी खदाखदा हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन तास मी घसा फोडून जर्मनाची बाजू मांडली अन् वाहवा कुणाची, तर ह्याची!

लढाईचं चौथं वरीस. माझा शेवटचा डबा संपला. पळसाच्या फुलांचा पिवळा अन् मंजिष्ठेचा तांबडा करून दिवस ढकलत व्हतो, पण निळा कुठनं आणू? फरशीखालनं? तिकडं फक्रूच्या दारात गाड्या लागायला लागल्या. कालपातूर मला "गुंडूशेठ" म्हणणारी माणसं माझ्या दारावरनं जाताना नदीकडं बघत जायची. अन् भादव्यात पागेचा कारकून आला. मी पुढं झालो, टोपी नीट केली. तो मला इचारतो, "रंगरेजाचं घर कुठलं?"

मी बोटानं दाखवलं. स्वतःच्या बोटानं.

दीडशे फेटे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी द्यायचे. भिंतीपलीकडं कुलसुम, फक्रूची बायको, कापडं मोजत गाणं म्हणत व्हती. मला जेवण जाईना. फक्रूचा आवाज आला की मी भिंतीकडं पाठ करून बसायचो. त्यानं माझं काय घेतलं नव्हतं, ह्येच तर माझं दुखणं व्हतं. चोरी केली असती तर चावडीवर वढला असता. तो नुसता बसून राहिला, अन् माझी जागा आपणहून त्याच्या बुडाखाली गेली.

दसऱ्याला बारा दिवस राहिलते. शुक्रवार व्हता. फक्रू दुपारच्या नमाजाला गेला, कुलसुम नदीवर. बनाबाईनं आमटीसाठी वाडगाभर चिंच कोळून ठेवलीती. मी तो वाडगा उचलला, भिंतीवरनं पलीकडं गेलो, झाकण सरकवलं अन् सगळा रांजणात उपडा केला. वाईट वाटलं म्हणून सांगितलं असतं, पण न्हाय वाटलं. बरं वाटलं. दहा वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. बनाबाईला सांगितलं, मांजरानं सांडलं.

शनिवारी सकाळी भिंतीपलीकडं गप्पगार. मी वाकून बघितलं. निळीवरची तांबूस साय फाटलीती, फेस बसलाता, आंबूस वास सुटलाता. फक्रूनं थेंब जिभेवर ठेवला. डोळं मिटलं. नेहमीपेक्षा जादा वेळ मिटलं. थुंकला अन् चुन्याचं मडकं आणायला आत गेला.

आता आमच्या धंद्यात एक रीत हाय. निळीचं रांजण नासलं की रंगाऱ्यानं गावात एक दणदणीत थाप उठवायची. ती थाप गावभर फिरून परक्याच्या तोंडून रंगाऱ्याच्याच दारात परत आली की नीळ सुधरती. माझ्या बानं एकदा रंकाळ्यात मगर सोडलीती, थापेची. आठवडाभर बायका धुणं धुवायला गेल्या नव्हत्या.

पण फक्रूला थाप मारता येती व्हय! तो घाटावर आला, दोनदा खाकरला अन् म्हणला, "उचगावात म्हशीला दोन तोंडाचं रेडकू झालंय." पिराजी तिथंच व्हता. "कुणाच्या म्हशीला?" फक्रू लाजला, कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. थाप जागच्या जागी मेली.

संध्याकाळी कुलसुम माझ्या दारात आली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणली, "गुंडूभाऊ, ह्यांच्यानं खोटं बोलवत न्हाय. तुमी घाटावर एवढं बोलता, लोक ऐकत्यात. एक थाप मारा की आमच्यासाठी. तीन पिढ्यांची नीळ हाय वो."

बघा कसा सापडलो! न्हाय म्हणावं तर संशय. अन् खरं सांगायचं तर आतनं फुगलो बी. थाप मारावी ती गुंडूनंच, ह्ये तरी ह्या घरानं कबूल केलं. ह्या एका कामात तरी फक्रू माझ्या पायाशी हाय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवालीपाशी उभा राहून मी हळू आवाजात सांगितलं, "कुठं बोलू नगंस. इंग्रजाचं राज्य बुडलं. लंडन पडलं. राजा बोटीत बसून पळाला."

"अगं बया! मग आता कोण?"

जर्मन म्हणणार व्हतो. पण तोंडातनं आलं, "जपानी. आरमार रत्नागिरीला लागलंय. आंबा घाट चढायला लागल्यात."

हंबीरराव तिथंच वांगी निवडत व्हते. "कायतरी बरळू नगंस! जपान तर इंग्रजाच्या बाजूचा."

"मग?" मी म्हणलं, "समोरचा वैरी कवा जागा घेतो व्हय, हवालदार? बाजूला गप बसलेलाच घेतो. कळत बी न्हाय कवा घेतली ते."

एवढं बोललो अन् भाजी न घेताच घराकडं वळलो. त्यामुळं तर थाप जास्तच खरी वाटली. भाजीवालीनं पाटी आवरली. दुपारपर्यंत निम्मी दुकानं बंद, दोघातिघांनी गाड्या जुंपल्या, अन् इंग्रजाचं राज्य हालत नसतंय म्हणणाऱ्या हंबीररावांनी आपले पलटणीतले सरकारी बिल्ले परसात पुरले. दिवस मावळताना पिराजी धापा टाकत आमच्या बोळात शिरला अन् फक्रूच्या दारात ओरडला, "फक्रूभाई, जपानी घाट चढून मलकापुरात आलं!"

थाप दारात आली. रीत पुरी झाली.

अन् दुसऱ्या दिवशी तिच्या मागनं फौजदार आला. लढाईच्या दिवसांत सरकार बुडालं म्हणणं म्हणजे गंमत नव्हती. चावडीवर लोक गोळा केले. ह्यानं त्याच्याकडनं ऐकलं, त्यानं तिच्याकडनं. भाजीवाली पळून माहेरी गेलेली. हंबीररावांना पुरलेल्या बिल्ल्यांची लाज, ते कशाला तोंड उघडतील? मग कुणीतरी म्हणलं, "थाप हाय साहेब, रंगाऱ्याची. ज्याची नीळ नासली त्याला धरा."

सगळ्यांच्या माना फक्रूकडं वळल्या. मी त्याच्या शेजारीच उभा व्हतो, खांद्याला खांदा लागत व्हता.

"तुझं रांजण नासलं?" फौजदारानं इचारलं.

"व्हय जी."

"मग थाप तूच उठवलीस."

फक्रूनं माझ्याकडं बघितलं. राग न्हाय, इनवणी न्हाय, नुसतं बघितलं. एक शब्द बोलायचा व्हता मला. जीभ टाळ्याला चिकटली. अन् खोटं कशाला बोलू, भीतीनं न्हाय चिकटली. मनात हिशोब झालाता, की ह्यो आत गेला तर फेटे परत माझ्याकडं येतील.

"व्हय जी," फक्रू म्हणला. "नीळ माझी, थाप बी माझीच."

कचेरीत उभं करून एक महिन्याची कैद ठोकली. दसरा त्यातच जाणार. त्याला न्हेल्यावर मी घरी आलो, फरशीवर बसलो. आता तरी मन निवायला पायजे व्हतं. निवलं न्हाय. लोक बोळात बोलत व्हते, फक्रूएवढा सरळ माणूस, बिचारा. तुरुंगात जाऊन बी वाहवा त्याचीच!

तिसऱ्या दिवशी कुलसुम आली. रडून डोळं सुजलेलं, पण आवाज ताठ. "भेटून आले मी. नीळ सुधरतीया, रोज चुना घालतीया मी. पण दीडशे फेटे माझ्या एकटीच्या हातनं हुणार न्हाईत. ते म्हणले, बोळात निळीवर हात बसलेला माणूस एकच, गुंडू. त्याच्या बाच्या हाताखाली शिकलाय. त्याला म्हणावं, फेटे तू काढ."

मला वाटलं धरणी फाटावी.

"अन् अजून एक म्हणले. म्हणले, गुंडूला सांग, चुना चिमूटभर जादा घाल. चिंच अजून पुरती गेली न्हाय." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "चिंच कसली वो, गुंडूभाऊ? आमी तर कवा चिंच घालत न्हाय."

शनिवारी सकाळीच, त्या एका थेंबात त्याला कळलं व्हतं. चावडीवर माझ्या शेजारी उभा राहिला तवा बी ठावं व्हतं.

"असती एक," मी म्हणलं. "रंगाऱ्याची भाषा हाय."

सहा दिवस मी त्याच्या अंगणात उकिडवा बसलो. फेटा आत जाताना पांढरा, बाहेर येताना हिरवा, अन् वारा लागला की डोळ्यादेखत निळा. बा गेल्यापासनं ह्ये बघितलं नव्हतं. हात कोपरापर्यंत निळे झाले. दसऱ्याला स्वार निघाले, फेटे असे उठले की माणसं बोटं दाखवायला लागली. माझ्या शेजारचा म्हणला, "फक्रूची नीळ हाय." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

महिना भरला, फक्रू आला. दारात पायावर पाणी घेतलं अन् सरळ रांजणापाशी जाऊन बसला. थेंब जिभेवर ठेवला, डोळं मिटलं, थुंकला. मी भिंतीपाशी उभा. आता बोलंल, आता शिव्या घालंल.

"गोड हाय," तो म्हणला. मग एक मडकं भरून भिंतीवर ठेवलं. "फरशी काढ, गुंडू. बाच्या जागीच लाव रांजण."

पुढच्या वर्षी लढाई संपली, इंग्रज जिंकला म्हणत्यात. त्याच साली मानमोडीच्या तापाची साथ आली अन् फक्रू आठ दिवसांत गेला. घाटावर अजून इषय निघतो, ह्यो इंग्रज किती दिवस टिकणार अन् मागनं कोण. मला इचारत्यात. मी कापड पिळत गप बसतो.

माझं रांजण आता अंगणात हाय. सकाळी बोट बुडवून थेंब जिभेवर ठेवतो, तवा दर वेळी मला चिंचच लागती. बनाबाई म्हणती, भास हाय. असंल. पण त्यानं मला एक शिवी घातली असती तर मी सुटलो असतो. ती त्यानं घातली न्हाय, तशीच घेऊन गेला. म्हणून तर अजून त्याच्यावर जळतो मी.