क्रेनच्या भरवशावर

बेंगळुरूत आले तेव्हा मला सायकल सोडून दुसरं काही चालवता येत नव्हतं, आणि वाचता येत होतं ते फक्त मराठी. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. सर्जापूर रोडवरच्या एका अपार्टमेंटमध्ये एका म्हाताऱ्या बाईंना, अम्मांना, सांभाळायचं काम मिळालं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, पण घरात मराठी बोलायचे. कन्नड मिसळलेली, कानाला वेगळी लागणारी, तरी मराठीच. घरापासून एवढ्या लांब कोणीतरी 'जेवलीस का' विचारतं, याचंच मला अप्रूप. अम्मांच्या मुलाला सगळे अण्णा म्हणायचे, मीही म्हणायला लागले.

अण्णांच्या मुलीची जुनी सायकल खाली पार्किंगमध्ये धूळ खात होती. "वापरा की ताई," अण्णा म्हणाले, "भाजीबिजी आणायला होईल."

दुपारी दोन ते चार अम्मा झोपायच्या. त्यांना हल्ली आठवत नसे. एकदा एकट्याच लिफ्टने खाली जाऊन गाड्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या होत्या. म्हणून मी भाजीला निघाले की बाहेरून कुलूप घालायचं, किल्ली जवळ ठेवायची, पंधरा मिनिटांत परत यायचं, असं ठरलेलं. ती पंधरा मिनिटं मी वाढवत नेली. रोज एक वळण जास्त. मंडई, शिंप्यांची गल्ली, म्हशी बांधलेलं एक जुनं आवार. चारच्या आत मात्र परत, कारण इन्सुलिनमुळे अम्मांना चारला खायला द्यावंच लागायचं. उशीर झाला तर त्यांना घाम सुटायचा, जीभ जड व्हायची. एकदा माझ्यासमोर त्यांची शुद्ध गेली होती.

पाट्या कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. आमच्याकडे माणूस कुठल्याही शिवारात असला तरी देवळाचा कळस बघून घराची दिशा धरतो. मी इथे क्रेन धरली. आमच्या शेजारी नवी इमारत उठत होती, तिच्यावर उंच पिवळी क्रेन. ती दिसतेय तोवर घर जवळ.

त्या दिवशी तळ्यापर्यंत गेले. पाणी बघून बरं वाटलं, जरा जास्तच वेळ थांबले. मान वर केली तर क्रेन चार. सगळ्या पिवळ्या. त्यातल्या एकीचा हात माझ्या डोळ्यांदेखत सावकाश वळत होता.

साडेतीन झाले होते. पहिल्या क्रेनपाशी पोचले तर तिथे नुसता खड्डा आणि पत्र्याचं कुंपण. दुसऱ्या क्रेनकडे जाताना रस्ता एका भिंतीशी संपला. रखवालदाराला हिंदीत विचारलं, "लेकवाली बिल्डिंग?" त्याने हसून तीन दिशांना हात केला. आमच्या बिल्डिंगच्या नावात लेक होतं खरं, पण इथे दहा बिल्डिंगांच्या नावात होतं, आणि पुढचं मला नीट म्हणता येत नव्हतं. किल्ली ओढणीच्या टोकाला बांधलेली. ती पायडल मारताना गुडघ्यावर आपटत होती.

चार वाजले. अण्णांना फोन करायचा तर काम जाणार. न करावा तर... मी आणखी एक वळण घेतलं. तेही चुकलं. मग फोन लावला.

"अण्णा, मी वाट चुकले. अम्मा आत आहेत, कुलूप लावलंय. खायला दिलेलं नाही."

"कुठे आहात?"

"तळ्याजवळ."

"इथे तळं काय एक आहे का, ताई? मी निघतोय, पण मला तास लागेल. फोन कोणाला तरी द्या. कोणालाही."

शहाळीवाल्याला दिला. तो कोयता हातात धरूनच ऐकत होता. "सरी, सरी," म्हणजे ठीक आहे, म्हणाला, आणि कोयत्यानेच मघाची ती लांब भिंत दाखवली. मग हिंदीत समजावलं: भिंतीच्या पलीकडेच आहे, फिरून जा, स्वल्प जोरात मारा.

भिंतीला वळसा घालून घरी पोचले, ओढणीची गाठ न सोडताच किल्ली कुलुपात घातली. अम्मा दारालगतच जमिनीवर बसल्या होत्या, कपाळ ओलं, हात गार. साखरेचं पाणी चमच्याने पाजलं, मग पोळीचे घास. बऱ्याच वेळाने त्यांची नजर माझ्यावर स्थिर झाली. तेवढ्यात अण्णांचा फोन आला. अम्मांनी तो माझ्या हातून घेतला.

"मीच धाडलं तिला कोथिंबिरीला. सुम्मने, उगीच ओरडू नको रे तिच्यावर."

मी त्या झोपलेल्या असताना चपला हातात घेऊन बाहेर पडले होते.

फोन ठेवल्यावर विचारलं, "अम्मा, तुम्ही असं का सांगितलं?"

"काय सांगितलं मी?" त्या म्हणाल्या. खरंच विचारत होत्या.

म्हणजे खरं काय ते ठाऊक असलेली एकटी मीच उरले. अण्णा आल्या आल्या अम्मांची नाडी बघून बूट काढायला बसले, तेव्हा सगळं सांगितलं. रोज एकेक वळण वाढवणंही. त्यांनी दुसराही बूट काढून बाजूला ठेवला.

"दुसरी किल्ली शेजारी ठेवू," म्हणाले. "आणि निघताना मला सांगायचं. कुठे चाललात ते."

मी "हो" म्हटलं. पुढे आठवडाभर सायकलला हात लावला नाही.