जोल्चुबेक वस्तादाची लेक आणि तीनशे ग्रॅम

जोल्चुबेकला मी दोन वर्षं गणित शिकवलं आणि त्याला अपूर्णांक आले नाहीत. अकराव्या वर्षी राजधानीच्या क्रीडाशाळेने त्याला उचललं. एकोणिसाव्या वर्षी तो एक पदक आणि चेपलेले दोन कान घेऊन आमच्या कोचकोर गावात परत आला. आता तो आमच्या शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकतो आणि संध्याकाळी लोकरीच्या जुन्या गोदामात पोरांना कुस्ती शिकवतो.

कुस्तीने पोरांचं भलं होतं का, हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. एकदा बॉयलरपाशी त्याला गाठलं.

"तुझ्या हाताखालून किती पोरं गेली?"

"साठेक, एजेके." मोठ्या बाईला आमच्याकडे ताईसारखं एजेके म्हणतात.

"काय झालं त्यांचं?"

त्याने मोजलं. एक दातांचा डॉक्टर, दोघं पोलिसात, दोघं तुरुंगात, बरेचसे मॉस्कोत टॅक्सी चालवतात, बाकीचे मेंढ्या राखतात. "आणि तुमच्या वर्गातली, कुस्ती न खेळलेली?"

मी बोटांवर हिशेब केला. एक दातांचा डॉक्टर माझ्याही वाट्याला आला होता.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय, कोळसा टाक."

त्याची लेक पेरिझात बारा वर्षांची. वसंतात नारिनला जिल्ह्याच्या कुस्त्या होत्या. आपल्या वजनगटात पहिली येईल तिला त्याच क्रीडाशाळेत जागा; पेरिझातचा गट छत्तीस किलोचा. लेकीचं आयुष्य बॉयलरपुढे जाऊ नये, एवढंच जोल्चुबेकच्या डोक्यात होतं. महिनाभर तो तिचं सूप चमच्याने मोजत होता. निघायच्या सकाळी काटा छत्तीसवर बरोबर थांबला. मी आयुष्यात एकही स्पर्धा पाहिली नव्हती, म्हणून मीही बरोबर निघाले.

आमच्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाला पाव चाखल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही, आणि पावाला नाही म्हणत नाहीत. गल्लीत सात दारं. सातही दारांत बायका पाव आणि साय घेऊन उभ्या. पहिलं दार माझंच.

"घे गं, एक घास."

पेरिझातने बापाकडे पाहिलं. बाप माझ्या बुटांकडे बघत राहिला. बाईंच्या पावाला नको कोण म्हणणार?

नारिनला काटा म्हणाला छत्तीस किलो तीनशे. पंच म्हणाले, एक तास आहे. अंगणात वजन उतरवायला तीन-तीन कोट घातलेल्या पोरी गोल गोल पळत होत्या आणि बाटलीत थुंकत होत्या. जोल्चुबेकने गाडीतून आपला जाडजूड कोट काढून पेरिझातला चढवला आणि बटणं लावायला घेतली.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं.

"एजेके, तुम्ही गणित सांभाळा. मीही इथेच पळलोय."

"कितीचा होतास?"

"अकरा."

मी त्याच्याकडे पाहिलं. तेव्हापासून तो फारसा वाढलेला नाही; माझ्या खांद्याला लागतो, आणि मी काही उंच नाही. त्यालाही माझं बघणं कळलं असावं. वरच्या बटणावर त्याचा हात थांबला.

"पळू का, अके?" पेरिझातने बापाला विचारलं.

"तहान लागलीये?"

"कालपासून."

त्याने बटणं सोडली आणि पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "चाळीसच्या गटात लढशील?"

"त्या म्हशींशी?"

"हो."

"लढते."

पहिली कुस्ती तिने गुणांवर मारली. दुसरीत अत-बाशीच्या एका दांडगट पोरीने तिला चाळीस सेकंदांत चितपट केलं. छत्तीसच्या गटात जी पहिली आली, तिला पेरिझातने शरदात दोनदा लोळवलं होतं. जागा तिला गेली.

परतताना दोलोन घाट चढलो. मला राहवेना.

"पस्तावतोयस?"

"हो," जोल्चुबेक म्हणाला. "पण नक्की कशाबद्दल, ते कळत नाहीये. तुम्हाला कळतंय?"

मला कळत नव्हतं, तसं मी सांगितलं.

मागून पेरिझात म्हणाली, "अके, त्या दांडगीने माझा डावा पाय कधी धरला? मला दिसलंच नाही."

"तू तिचे हात बघत होतीस."

"मग काय बघायचं?"

त्याने गाडी कडेला लावली. रस्त्याकडेला अजून बर्फ होतं. दोघं उतरली. तो वाकला, पाय धरला, तिला आडवी केली. "असं."

"परत."

चौथ्या खेपेला तिने पाय सोडवून घेतला आणि बाप बर्फात बसला. मला थंडी वाजत होती. मी हॉर्न दिला. दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही.