मेंदीच्या कुंपणातला नांगा

सत्तावन साली दारव्ह्याला आमचं घर बांधून झालं आणि त्याच पावसाळ्यात मी परसाला मेंदीचं कुंपण लावायचं ठरवलं. कारण सरळ होतं. गल्लीतल्या शेळ्या वांग्याचं एक रोप शाबूत ठेवत नव्हत्या, आणि स्वयंपाकघराच्या दारासमोरून पायवाट जात होती. प्लॉट मोकळा होता तेव्हापासून शेजारच्या आपा त्या वाटेने मागच्या गल्लीतल्या सरकारी विहिरीवर जायच्या. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचे मियाँ कापूस पिंजून गाद्या भरायचे. आपांचा उजवा गुडघा धरलेला असायचा.

"मग आपांनी कुठून जायचं?" ह्यांनी विचारलं.

"जिनावरून," मी म्हटलं. जिन म्हणजे गल्लीच्या टोकाचा सरकी काढायचा कारखाना; त्याच्या लांब भिंतीला वळसा घातला की विहीर येतेच. बोलताना मी चरासाठी दोरी आखत होते, त्यामुळे वर पाहावं लागलं नाही.

चर खणला, शेणखत मिसळलं, रोपं दोन ओळींत एकाआड एक लावली. बाहेरून पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची, बुटकी आड केली. पुढची कामं मी वारावर लावून टाकली. सोमवारी निंदण, गुरुवारी शेंडे खुडणं. शेंडे खुडले नाहीत तर मेंदी नुसती उंच होते, बुडाशी विरळ राहते आणि शेळीला तेवढंच हवं असतं. शनिवारी वाळवी लागली का ते बघणं. आपांशी बोलणं मात्र कुठल्याच वारावर लागलं नाही.

आपांनीही विषय काढला नाही. त्यांच्या वाटेवर लावलेली रोपं कितीही सांभाळली तरी जगत नव्हती, तिथली माती वर्षानुवर्षं पायांनी दगड झालेली. शेजारची रोपं चुकवत, डोक्यावरची कळशी सावरत त्या पाय उचलून पलीकडे जायच्या.

"लई नाजूक हायेत वं तुये पोट्टे," एकदा रोपांकडे बघून म्हणाल्या. "माह्या शेळीले सांगून ठेवलं, तिकडं पाह्यचं बी नाई."

"शेळी ऐकते का, आपा?"

"माह्या घरात थेच एक ऐकते. मियाँ तं पिंजणाच्या आवाजानं बहिरे झाले."

मी हसले. हसताना वाटत होतं, आता सांगावं. पण काय सांगणार होते? ही रोपं तुमच्यासमोर मोठी होतील आणि मग तुम्हाला इथून जाता येणार नाही, हे त्यांना दिसत नव्हतं असं थोडंच होतं.

दिवाळीपर्यंत बाकीची मेंदी धरली. कस उन्हाळ्यात लागतो. आमची काळी जमीन तेव्हा इतकी भेगाळते की घातलेलं पाणी मुळाला न लागता खाली निघून जातं. आधी खुरपून भेगा बुजवायच्या, मग पाणी. नेमकं वैशाखात बहिणीच्या लग्नासाठी मला माहेरी, बोरी अरबला जावं लागलं आणि मुक्काम लांबला. ह्यांना सगळं सांगून गेले होते, पण ह्यांना खुरपं कुठल्या हातात धरायचं तेही ठाऊक नाही. अर्धं कुंपण गेलं असं धरूनच मी परतले.

कुंपण हिरवं होतं. बुडाशी माती मोकळी केलेली, भेगा बुजलेल्या.

"आपा," हे म्हणाले. "येता-जाता एकेक कळशी ओततात. मी नको म्हटलं. ऐकतात थोड्याच."

विहिरीला तेव्हा पाणी तळाशी गेलेलं. एका कळशीसाठी नंबर लावून बसावं लागायचं. ती कळशी माझ्या रोपांवर ओतून आपा घरासाठी परत विहिरीवर जात होत्या. त्या गुडघ्याने. मी तशीच त्यांच्या दारात गेले.

"आपा, तुम्ही कशाला..."

"काहून? जीव हाये थो. माही रोजची वाट थेच हाये, मंग तहानलेला कसा पाहू?"

मला बसायला त्यांनी नवी भरलेली गादी दिली. मी टेकले आणि लगेच उठले.

पाऊस लागल्यावर पहिल्या वर्षाचं शेवटचं काम येतं, नांगे भरणं. जिथे रोप मेलं असेल तिथे नवं लावायचं. सगळे नांगे भरून झाले आणि वाटेवरचा तेवढा उरला, एक माणूस जाईल एवढा. तिथली माती मी या खेपेला खोल खणून बदलली होती, रोपंही चांगली जोमदार राखून ठेवली होती. खुरपं घेऊन बसले आणि समोरून आपा रिकामी कळशी घेऊन आल्या.

तेव्हाही बोलता आलं असतं.

"लावून घे इथं बी," त्याच म्हणाल्या. "नाई तं सारी मेहनत वाया जाईन. शेळ्या नांगाच पाह्यतात."

कळशी खाली ठेवून त्या अवघडत बसल्या. रोप सरळ धरलं. मी माती दाबली. सगळी रोपं लावून झाल्यावर हात झटकून उठल्या आणि जिनाच्या बाजूला चालू लागल्या.

त्यानंतर मी रोज त्यांना भिंतीच्या कडेने येताना बघायची. अर्ध्यावर कळशी खाली ठेवायच्या, भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या. श्रावण संपेपर्यंत मी ते बघितलं. मग एका सकाळी ती रोपं उपटून काढली आणि त्यांना जाऊन सांगितलं, "आपा, वाट मोकळी केली."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

त्या आल्या नाहीत. संध्याकाळी बघते तर त्यांच्या बाजूने नांग्यात बाभळीची काटी, चांगली काटेरी फांदी, आडवी लावलेली, वर दगड ठेवून पक्की केलेली.

"शेळ्या घुसतीन," म्हणाल्या. "तुये वांगे खातीन."

"पण तुम्ही या ना इथून."

"सवय झाली आता तिकडची."

मेंदी आता छातीला लागते. लोक कुंपणाची तारीफ करतात, किती दाट म्हणतात. सकाळी मी काटी बाजूला करते, संध्याकाळी ती परत जागेवर असते. वाटेवर हरळी उगवते. सोमवारी निंदण करताना मी आधी ती काढते.