पिशवीत उरेल तेवढंच

शेख मॅडम सकाळी प्रयोगशाळेत आल्या, की करडईच्या तेलाचा थेंब तळहातावर घेऊन चोळायच्या आणि हुंगायच्या. यंत्रं नंतर. केडगावजवळच्या आमच्या तेल रिफायनरीत त्या मुख्य केमिस्ट होत्या. मी त्यांच्या हाताखाली नवा लागलो होतो. तेल फार फिकं दिसलं, की म्हणायच्या, "गोरं केलंय याला. काय काय खरवडलं, ते बघू आता."

दिवाळीच्या तोंडावर शेठना नवी पिशवी बाजारात आणायची होती. तिच्यावर छापायचं होतं, 'वनस्पती स्टेरॉलने समृद्ध'. हे स्टेरॉल बियांत मुळातच असतं. जेवणातलं कोलेस्टेरॉल ते अंगात कमी मुरू देतं. मॅडमनी कच्च्या तेलापासून प्रत्येक टप्प्याचे नमुने तपासायला लावले. थोडं स्टेरॉल रंग काढताना जात होतं. वास काढायच्या टाकीत तेल कडक तापवून वाफ सोडतात, तिथे तर बरंचसं वाफेबरोबरच निघून जात होतं.

सगळेच असं छापतात, असं शेठचं म्हणणं.

"बियांत होतं ते नका लिहू, शेठ," मॅडम म्हणाल्या. "पिशवीत उरलंय तेवढंच लिहा. नाहीतर मी सही करणार नाही."

सहीचा अधिकार दुसऱ्याकडे गेला. मॅडमनी तक्रार केली नाही. फक्त एक बॅच मागून घेतली. टाकी सांभाळायचे पाथर्डीचे भगवानमामा. आच कमी, वेळही कमी ठेवायची, हे ऐकून ते म्हणाले, "मॅडम, वास ऱ्हाईल थोडा."

"राहू द्या. तेलच हाय ना ते," मॅडम त्यांच्याच बोलीत म्हणाल्या.

त्या तेलात स्टेरॉल कितीतरी जास्त टिकलं. मॅडमनी त्यातच भजी तळून शेठपुढे ठेवली. शेठ खाता खाता थांबले आणि म्हणाले, "तुमच्या घरी आपलंच तेल वापरता?"

"वापरते. म्हणून तर भांडते."

'समृद्ध' हा शब्द पिशवीवर आलाच नाही; उरलं तेवढ्याचा आकडा छापला. टाकीची आच उतरली ती कायमची. वास येतो म्हणून काही दुकानदारांनी माल परत पाठवला, तरी शेठ ढळले नाहीत.

गेल्या वर्षी मॅडम अचानक गेल्या. दफनविधी आटोपून आम्ही कब्रस्तानाबाहेर आलो. शेठ बराच वेळ गाडीत बसेनात. मग म्हणाले, "मला नाही म्हणणारं एकच माणूस होतं. तुम्ही म्हणाल का आता?"

मी लगेच हो म्हणालो. मॅडम इतक्या लवकर हो म्हणाल्या नसत्या.