विचारून ठोकलेला खिळा

कुणाच्याही घरी गेला की तो बसायच्या आधी भिंतीपाशी जायचा आणि मधल्या बोटाच्या पेरानं तीन वेळा टकटक करायचा. मग कान लावून ऐकायचा. "पोकळ हाय," म्हणायचा नाहीतर "भरीव हाय," म्हणायचा, आणि मगच चहाचा कप हातात घ्यायचा. बायका मनातून घाबरायच्या, की हा भिंतीत पुरलेलं धन शोधतो की काय. तसं काही नव्हतं. या भिंतीत खिळा बसेल का, एवढंच त्याला पाहायचं असायचं. दुसऱ्याच्या भिंतीत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. नसेल तर सुखी आहात.

नाव सांगत नाही. खामगावात आम्ही दोघं एका जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसात शेजारशेजारच्या टेबलांवर बसत होतो, आणि संध्याकाळी घरी जाऊन एकाच मालकाच्या दोन खोल्यांत, मधे एक भिंत ठेवून, पुन्हा शेजारशेजारीच बसत होतो. माणूस टाळायची सोयच नव्हती. ऑफिसात तसे आम्ही सारेच बाबू, पण नुसतं 'बाबू' म्हटलं की तोच.

आमचा मालक तेलाचा व्यापारी. त्याचा एकच नियम होता, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडर असो, देव असो, बापाचा फोटो असो, सारं जमिनीवर. आम्ही बाकीच्यांनी तो नियम मुकाट्यानं गिळला होता. माझा कोट दाराच्या कडीला लटकायचा आणि दार उघडलं की पडायचा. पडला की मी उचलायचो. त्यात काय एवढं? पण बाबूला ते सारखं सलायचं.

"घर म्हंजे काय, भाऊ? जिथं खिळा ठोकाले कोणाले इचारा लागत नाई, थे घर. इचारून ठोकला थो खिळा कायचा?"

हे वाक्य मी दिवसातून तीनदा तरी ऐकत असे. एकदा वैतागून म्हटलं, "बाबू, खिळ्यावाचून अजून कुणी मेलं नाही."

"तुम्ही जल्मभर भाड्यानंच राह्यणार," तो म्हणाला. शाप द्यावा तसं म्हणाला.

त्यानं एकदा चोरून खिळा ठोकलाच. त्याची अक्कल पाहा. प्रेसचा दुपारचा भोंगा वाजायचा, तो साऱ्या गावाला ऐकू जायचा. रविवारीही वाजायचा, हंगामात प्रेस बंद नसे. बाबूनं असं ठरवलं की भोंगा वाजत असतानाच ठोके मारायचे, म्हणजे मालकाला कळायचं नाही. बत्त्याला फडकं गुंडाळून हा भोंग्याची वाट पाहत उभा. भोंगा सुरू झाला, यानं ठोकायला घेतलं, आणि भोंगा थांबला तरी याचा हात काही थांबला नाही. शेवटचे दोन ठोके खोल्यांच्या साऱ्या ओळीला ऐकू आले. शिवाय इकडच्या बाजूनं चुन्याचा ढलपा निघाला तो थेट माझ्या वरणात पडला.

मालक आला, त्यानं पक्कड मागवली, खिळा स्वतःच्या हातानं उपटला आणि बाबूच्या तळहातावर ठेवला. "हा तुमचा," म्हणाला. "भिंत माझी."

त्या दिवसापासून तो खिळा बाबूच्या कोटाच्या खिशात होता. चांगला बोटभर लांब. ऑफिसात विचार करताना तो खिशातल्या खिशात फिरवत बसायचा, आणि अस्तराला भोक पडलं म्हणून बायको ओरडायची.

घर घ्यायचं ठरलं ते तेव्हा. नवीन राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती, खामगावात जो तो प्लॉट पाडत होता, आणि आमच्या पगारात त्यातला संडाससुद्धा आला नसता. पण बाबूनं घराआधी पाटी करून घेतली. प्रेसमधे कापसाच्या गाठींवर मार्का मारणारा एक माणूस होता, त्याच्याकडून. लाकडी फळीवर काळ्याभोर शाईत त्याचं पूर्ण नाव, वडिलांसकट, आडनावासकट. मार्केवाल्यानं सवयीनं खाली गाठीचा नंबर टाकायला घेतला होता, तर यानं हात धरला. मला विचाराल तर नंबर टाकला असता तरी चाललं असतं, इतकी ती पाटी गाठीसारखी दिसत होती. घर नव्हतं म्हणून ती त्याच्या टेबलाखाली, पायाशी ठेवलेली असे.

मग रविवारी घरं पाहणं सुरू झालं. आधी भर बाजारात, फरशी भागाजवळ पाहिली. मग गावाच्या कडेची. मग गावाबाहेरची. दर महिन्याला त्याचं घर मैलभर लांब जात होतं. सोमवारी आला की मी विचारायचो, "काय बाबू, पोचलात का नागपूरला?" बाकीचे हसायचे. तोही हसायचा, पण खिशातला हात बाहेर काढायचा नाही.

शेवटी मिळालं ते जलंब स्टेशनापासून दोन मैल आत, एका खेड्यात. कोंडुजी नावाचा म्हातारा घर विकून लेकीकडे राहायला चालला होता. स्वस्त होतं. स्वस्त का होतं, हे विचारायची बुद्धी बाबूला झाली नाही. त्यानं भिंतीवर टकटक केली. काही आवाज आला नाही.

"भाऊ, इतकी भरीव भिंत म्या उभ्या जल्मात पाह्यली नाई," तो दुसऱ्या दिवशी मला सांगत होता. "आवाजच नाई. दोन हात जाड हाय."

सामान बैलबंडीत भरलं तेव्हा मी दारात उभा होतो. त्याची बायको बंडीच्या मागच्या बाजूला बसली, तोंड आमच्या ओळीकडे करून. तिथूनच ती मला म्हणाली, "ह्यायच्या एका खिळ्यापायी मी नळ सोडून विहिरीवर चालली, भाऊ."

बाबू पुढे बसला होता, मांडीवर पाटी घेऊन. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मालकाच्या भिंतीकडे तर नाहीच नाही.

पुढच्या रविवारी त्यानं आम्हा ऑफिसातल्या चौघांना मुद्दाम बोलावलं. पाटी लावायचा कार्यक्रम होता. गाडीनं जलंबपर्यंत, पुढे उन्हात दोन मैल चालत. पोचेपर्यंत मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या होत्या. घर होतं पांढऱ्या मातीचं, वर मातीचं सपाट धाबं, दारापाशी दिवा ठेवायची देवळी. आत भिंतींना जुन्या लाकडी खुंट्या होत्या, आणि वहिनींनी त्यांवर पहिल्याच दिवशी सारं लटकवून टाकलं होतं, पिशव्या, चाळणी, बाबूचा कोटसुद्धा. समोरच्या ओट्यावर शेजारचा एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता.

बाबूनं आत जाऊन कोटाच्या खिशातून तोच खिळा आणला, त्याला कुंकू लावलं आणि दाराशेजारी भिंतीवर टेकवला. पहिल्या ठोक्याला खिळा निम्मा आत गेला. "पाह्यलं?" म्हणून त्यानं आमच्याकडे पाहिलं. दुसऱ्या ठोक्याला डोक्यापर्यंत गेला. त्यानं पाटी अडकवली, दोन पावलं मागे सरला, आणि पाटी खिळ्यासकट खाली आली. मागोमाग ओंजळभर माती भुरूभुरू आली.

"जागा चुकली," तो म्हणाला.

त्यानं वीतभर बाजूला ठोकला. मग वर. मग दाराच्या दुसऱ्या अंगाला. मग वहिनींनी कुठून तरी बंडीचा लांब खिळा आणून दिला, तोही ठोकला. बोट लावलं की खिळा बाहेर. भिंतीला पाच भोकं पडली आणि बाबूच्या चपला मातीत बुडाल्या. आम्ही चौघं काय करणार, सुपारी खात होतो. मला हसू आवरत नव्हतं, आणि मी ते फारसं आवरलंही नाही.

पाचव्या भोकानंतर म्हाताऱ्यानं तंबाखू तोंडात टाकली. "बाबू," तो म्हणाला, "मातीच्या भितीले खिळा नसते. खुंटी असते. अन् थे भीत घालतानाच घाला लागते, मंग नाई बसत."

बाबू घामानं निथळत होता. "मंग आधी सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही इचारलं काऊन नाई?"

यावर आम्ही चौघं जे हसलो ते जलंब स्टेशन येईपर्यंत हसत होतो. आजही सांगताना हसू येतं, नाही असं नाही.

वहिनी म्हणाल्या होत्या, आतली खुंटी आहे, तिला लावा पाटी. तर हा म्हणाला, "कोंडुजीच्या खुंटीले माह्यं नाव?" आणि पाटी देवळीत उभी करून ठेवली. तिथं ती निम्मीच दिसायची. आडनाव आत जायचं.

कोंडुजीवरून आठवलं. तो म्हातारा लेकीकडे निघून गेला, पण सारं खेडं त्या घराला कोंडुजीचंच घर म्हणत होतं. पोस्टमन विचारायचा, कोंडुजीच्या घरात राह्यते थो बाबू कोन? वहिनी विहिरीवर गेल्या की बाया म्हणायच्या, कोंडुजीच्या घरची आली. बाबू चिडायचा. एकदा त्यानं शेजारच्या म्हाताऱ्याला गाठून ऐकवलं, की कागद माझ्या नावाचा, घर माझं, मग कोंडुजीचं काऊन?

म्हातारा म्हणाला, "घराले गेलेल्याचं नाव राह्यते, बाबू. राह्यणाऱ्याचं कायले पाह्यजे? थो तं दिसूनच राह्यला."

हेही बाबूनंच मला सांगितलं, सोमवारी, फार रागानं. मी म्हटलं, बरोबरच आहे म्हाताऱ्याचं.

बाबू अंधार असतानाच निघायचा, दोन मैल चालायचा, गाडी धरायचा, आणि परत घरी पोचेपर्यंत पुन्हा अंधार. आपलं घर त्यानं उजेडात पाहिलं ते फक्त रविवारी. दुपारी टेबलावर मान टाकून झोपायचा, मूठ खिशात. त्याच्या चपलेची माती ऑफिसभर व्हायची. मी एकदा म्हटलं, "घर घेतलं की धर्मशाळा? नुसतं झोपायला जाता तिथं."

"तुम्ही भाड्याचे," तो डोळे न उघडता म्हणाला. "तुम्हाले नाई समजायचं."

खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा. इतका चुकलेला माणूस, आणि चुकलो असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी त्याच्याशी बरा वागलो असतो.

सातेक वर्षं असं चाललं. मग एका हिवाळ्यात तो छातीनं आजारी पडला आणि खामगावच्या दवाखान्यात आणला. मी भेटायला गेलो तेव्हा पलंग भिंतीला लागून होता, आणि त्यानं हात वर करून बोटाच्या पेरानं टकटक करून दाखवलं. "पोकळ," म्हणाला. मी निघालो तेव्हा म्हणाला, "भाऊ, पाटी काई लागली नाई." मी काहीतरी चेष्टा करणार होतो. केली नाही. चार दिवसांनी तो गेला.

वहिनींनी घर विकलं आणि त्या खामगावात आमच्याच ओळीत एका खोलीत राहायला आल्या. नळ त्यांच्या दारासमोरच होता. वाटलं, आता सुटल्या. तर महिन्याभरानं एका सकाळी त्या माझ्याकडे आल्या. "भाऊ, थे पाटी देवळीत राह्यली. आणून द्या मले. घर इकलं म्या, थे नाई इकली."

मी गेलो. तेच जलंब, तेच दोन मैल. वेशीपाशी एका बाईला विचारलं, कोंडुजीचं घर पुढं उजवीकडेच ना?

"कोन कोंडुजी?" ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट पाहून, "बाबूचं घर इचारता का? मंग तसं म्हना ना. थे काय, बाबूचं घर."

मी तिथंच उभा राहिलो. पुढे एका दुकानदारानं तेच सांगितलं, बाबूचं घर. आणि दाराशी पोचलो तर नवा मालक घामाघूम होऊन उभा. अकोल्याचा कोणी कंपाउंडर, तिकडे परवडत नाही म्हणून इथं घर घेतलेला.

"सारे बाबूचं घर, बाबूचं घर म्हणतात हो," त्यानं ओळखपाळख नसताना माझ्याकडे तक्रार केली. "पैसे मी मोजले, कागद माझ्या नावाचा. आज माझ्या नावाची पाटीच लावून टाकतो, म्हणजे कटकट मिटली."

देवळीतली फळी त्यानं मला मुकाट्यानं देऊन टाकली. मी ती पुसली. पूर्ण नाव होतं, वडिलांसकट. साऱ्या गावात एकालाही ते ठाऊक नव्हतं, आणि मला ती गोष्ट फार लागली. इतकं हसलो होतो मी या माणसाला, आणि तो भेटला तर आता सांगायला हवं होतं की बाबू, लागलं बरं का तुमचं नाव घराला. सांगायला कोणीच नव्हतं.

कंपाउंडरनं पिशवीतून खिळा काढला, चांगला बोटभर, आणि दाराशेजारी भिंतीवर टेकवला. दाराच्या दोन्ही अंगांना शेणामातीनं बुजवलेली पाच भोकं अजून ओळखू येत होती. समोरच्या ओट्यावर तोच म्हातारा तंबाखू मळत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा करून दिली.

सांगावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मी बाबूची पाटी मांडीवर घेऊन म्हाताऱ्याच्या शेजारी बसलो.