धारेमागची माघार

पनवेलजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. न्हावा शेवा बंदरात ये-जा करणारे ट्रेलर आमच्याकडे दुरुस्तीला येतात. चासीला भोकं पाडताना दिवसाकाठी कितीतरी ड्रिलं बोथट होतात. त्यांना धार लावायचं काम पूर्वी जवळच्याच विचुंबे गावच्या एका जुन्या फिटरकडे होतं. सगळे त्यांना दादा म्हणत. हातात ना गेज, ना माप. ड्रिल ग्राइंडरच्या फिरत्या दगडावर टेकवायचं, मनगट जरासं खाली सोडायचं, की झालं.

दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परतल्यावर मला हे खटकू लागलं. खरं सांगायचं तर त्यांचं काम खटकत नव्हतं, त्यांच्यावाचून सगळ्यांचं अडतं हे खटकत होतं. धार लावण्यात शास्त्रीय पद्धत नाही, असं मी मालकांना लिहून दिलं. दादांना स्टोअरमध्ये नट-बोल्ट द्यायला बसवलं आणि ग्राइंडर स्वतः घेतला.

माझी ड्रिलं देखणी असत. एकशे अठरा अंशांचा कोन, दोन्ही धारा सारख्या, बोट लावलं तर कापेल अशा. फक्त ती लोखंडात शिरत नसत. किंचाळत, तापून निळी पडत. मी आधी ड्रिल विकणाऱ्याला दोष दिला, मग लोखंडाला, मग ऑपरेटरांच्या हातांना. एकाला तर लेखी ताकीदही दिली.

महिन्याभरात ड्रिलं चालू लागली. दोन्ही खाचांतून सारखा, कुरळा कीस निघू लागला. हात बसला, असं मी मनाशी म्हटलं. भोक मोठं पडत असेल तर एक धार लांब झालेली असते, वगैरे दोष आणि उपाय लिहून तक्ता भिंतीला लावला. वर्कशॉपच्या द्रोणागिरीतल्या शाखेत शिकवायलाही मलाच पाठवलं. तिथं भाषण छान झालं. प्रात्यक्षिक वेळेअभावी राहिलं.

पुढे दादा निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला मीच बोललो, बराच वेळ. त्यानंतरच्या सोमवारी ड्रिलं पुन्हा किंचाळू लागली.

ज्याला ताकीद दिली होती, त्या ऑपरेटरनंच मला सांगितलं. मी केबिनमध्ये जेवत असे तेव्हा दादा माझी ड्रिलं पुन्हा दगडावर धरत. डबा खायला त्यांना पाच मिनिटं उरत. साहेबांना कळू देऊ नका, असं त्यांनीच बजावलं होतं.

रविवारी मी विचुंब्याला गेलो, माफी मागायला. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. खिशात चार ड्रिलं का टाकली, ते मात्र मला सांगता येणार नाही. म्हणजे येईल, पण लाज वाटते.

दादा ओट्यावर होते. चहा झाला, गुडघेदुखीचं बोलणं झालं. मग माझ्या खिशाकडे बघत त्यांनी हात पुढे केला. एका ड्रिलाच्या धारेमागून अंगठा फिरवला आणि हसले.

"साहेब, धार झ्याक हाय. पन धारेच्या मागं माघार नाय. मागचं अंग खाली उतरलं नाय, तर धार लोखंडाला लागंल कशी? नुसती पाठ घासत बसते."

माझ्या तक्त्यात हा दोष नव्हता.

त्यांनी चारही ड्रिलं ओट्यावर ओळीनं मांडली. "तुमी ह्याच्यासाठीच आलात, का आजून काय बोलायचं हाय?"

"ह्याच्यासाठीच," मी म्हणालो.

दादांनी उठून पडवीतला छोटा ग्राइंडर चालू केला, ड्रिल माझ्याच हातात दिलं आणि माझं मनगट धरून हलकेच खाली दाबलं. पहिलं बिघडलं, दुसरं बरं झालं. चौथ्याला त्यांनी हात काढून घेतला.

आता माझी ड्रिलं चांगली कापतात. माफीचं वाक्य अजून बोलायचं राहिलंय. दादा ठणठणीत आहेत. विचुंबं माझ्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे.